सुभद्राबाईंचा डावा हात

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सुभद्राबाईंना, रिकामं बसलेलं माणूस बघवत नसे. मग ते माणूस सून असो, पाहुणा असो, नाहीतर चर्चचे पाळकसाहेब असोत. लग्न होऊन मी नाशिकहून सुरतेला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी खुर्चीत जरा टेकले, तर यांनी माझ्या मांडीवर मेथीची जुडी आणून ठेवली. म्हणाल्या, "हात मोकळा शे तं निवडी टाक." शालू अंगावर, मेंदी हातावर आणि मी मेथी निवडतेय. असा माझा गृहप्रवेश.

आमचं घर गोडादऱ्यात. खाली दोन खोल्या, वर एक, आणि मागच्या गल्लीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट. ती थांबली की आम्हाला झोपेतून जाग येते, वीज गेली असं समजून. सासूबाई इथे आल्या त्या धुळ्याकडच्या एका खेड्यातून, सासरे हिलाल लूमवर लागले तेव्हा. दोघंही जन्मापासून ख्रिस्ती. गावात मंडळीची, म्हणजे चर्चची, म्हणून दहाबारा घरं, आणि त्यांच्या बोलण्यात देव अहिराणीच बोलायचा. सुरतेत आल्यावर सासूबाईंनी साड्यांवर खडे चिकटवायचं काम धरलं. त्या खड्यांना इथे 'डायमंड' म्हणतात. खरे डायमंड वराछाकडच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत, आमच्याकडचे प्लास्टिकचे. काडीच्या टोकाला मेण लावायचं, खडा टिपायचा, डिंकाच्या थेंबावर अलगद ठेवायचा. एका साडीवर असे किती ते मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. सासूबाईंचा उजवा हात मात्र कोंबडी दाणे टिपते तसा चालायचा. बघणाऱ्याचे डोळे दुखायचे, त्यांचा हात नाही.

त्या हाताने त्यांनी घर उभं केलं हे मी ऐकलेलं नाही, मला ऐकवलेलं आहे. रोज. सासरे छातीच्या दुखण्याने लूमवरून घरी बसले आणि मग अंथरुणाला खिळले, तेव्हापासून घरात कमावणारा तो एकच हात. त्याच हातावर हेमराज, माझा नवरा, शिकला आणि कडोदऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. आपला हात जगन्नाथ, ही म्हण सासूबाई अगदी ठसक्यात वापरायच्या. आई, जगन्नाथ आपल्यात कुठून आला, असं मी चिडवलं की म्हणायच्या, "म्हण सगळास्नी ऱ्हास." आणि त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, ते तर घराच्या उंबरठ्यावर कोरायला हवं होतं: "कोनं फुकटनं खावानं नही." शेजारच्या उषाबाईंनी वाटीभर भाजी दिली, तर वाटी परत जाताना त्यात काहीतरी असायचंच. वाटी रिकामी पाठवणं म्हणजे नाक कापून घेणं.

देवाशीही त्यांचा व्यवहार असाच रोखठोक होता. संध्याकाळी दिवे लागले की त्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायच्या, आणि ती प्रार्थना म्हणजे कामाचा अहवाल असायचा. प्रभू, आज लाल साड्यास्नं काम पूर्ण व्हयनं. प्रभू, हेमराजले डबा दिधा. प्रभू, शेजारनी पोरगीले ताप व्हता, तिले काढा दिधा. मी दारात उभी राहून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता हजेरीवर सही घ्या. मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे अहवाल लिहून घेणाऱ्या साहेबांची मला जरा जास्तच ओळख आहे. सासूबाईंचा देव मला त्या साहेबांसारखा वाटायचा.

आणि त्यांच्या सगळ्या अहवालात वरचं कलम होतं भाकर. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, हे माझं शरीर म्हणून भाकर मोडून दिली, प्याला दिला, त्याची आठवण. बऱ्याच ठिकाणी दुकानातला पाव कापून वापरतात. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी सुभद्राबाई गव्हाची बेखमीर, न आंबवलेली, भाकर करणार, पांढऱ्या फडक्यात बांधणार, आणि रविवारी ती स्वतः वेदीपाशी नेऊन ठेवणार. वर्षानुवर्षं. पाळक बदलले, हॉल बदलला, भाकर बदलली नाही. चंद्र लाजेल अशी गोल. रांगेत त्या पुढे व्हायच्या, उजवा हात पुढे करायच्या, आपणच केलेल्या भाकरीचा तुकडा घ्यायच्या आणि मान ताठ ठेवून परत यायच्या. मला त्या चालण्याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. हिशोब चुकता करून आल्यासारखं ते चालणं होतं.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका सकाळी, त्यांच्या हातातली काडी गळून पडली. त्या खाली वाकल्या ती उचलायला आणि वाकलेल्याच राहिल्या. लकवा. दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून जीभ वाचली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. तो आता त्यांच्या मांडीवर असतो, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

मला वाटलं होतं, आता तरी ही बाई बसेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. उजवा हात गेला तसा डाव्याला चेव आला. तो हात चादरीचे दोरे उपसायचा. उशीच्या अभ्र्याची शिवण उसवायचा. दाराची कडी उघडायचा, लावायचा, उघडायचा. त्या उठायच्या, काठी टेकत दारापर्यंत जायच्या, गल्लीत बघायच्या, परत यायच्या, बसतात न बसतात तोच पुन्हा उठायच्या. ठक, ठक, ठक. मी पेपर तपासायला बसले की त्या काठीच्या आवाजाने माझी बेरीज चुकायची. हेमराजचं बरं होतं, तो सकाळीच कडोदऱ्याला पळायचा. घरात एक क्षण कुणाला निवांत म्हणून नव्हता. पंखासुद्धा घाबरून फिरतोय असं वाटायचं.

काम आणून देणारे किसनभाई चांगले गृहस्थ. सासूबाईंनी हट्टच धरला तेव्हा त्यांनी एक साडी आणून दिली. सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि डाव्या हाताने खडे लावायला बसल्या. मी शाळेतून आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि साडीवरची वेल, जी सरळ पदरापर्यंत चढायला हवी होती, ती दारू पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी चालली होती. किसनभाईंनी ती साडी उलगडली, बघितली, नीट घडी घातली. म्हणाले, "सरस छे, माजी. पण हवे तमे थोडो आराम करो." म्हणजे काम बंद. पुढे त्यांची मोपेड आमच्या गल्लीत आली, पण थांबली उषाबाईंच्या दारात. सासूबाईंना तो आवाज अचूक ओळखू यायचा. मोपेड वाजली की डावा हात थबकायचा, आणि ती निघून गेली की अभ्र्याची आणखी थोडी शिवण उसवायची.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळची प्रार्थना बंद आहे. भिंतीकडे तोंड करून त्या बसायच्या, पण ओठ मिटलेले. मी एकदा म्हटलं, "आई, प्रार्थना नाही केली?"

"काय सांगू त्याले?" त्या म्हणाल्या. "आज काय करं मी? सांगाले काही शे का?"

इतकी वर्षं त्या अहवालाला मी हसले होते, आणि आता तो नव्हता तर संध्याकाळ खायला उठायची.

खरी पंचाईत झाली चर्चमध्ये. आजारानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला आम्ही त्यांना रिक्षातून नेलं. पाळक अजिंक्य तरुण आहेत, नुकतेच पुण्याहून शिकून आलेले. त्यांनी दुकानातला पाव आणवून ठेवला होता, कारण भाकर करणार कोण? सासूबाईंनी त्या पावाच्या चौकोनी तुकड्यांकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता या काही बोलणार. बोलल्या नाहीत. रांग लागली. मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी दंड सोडवून घेतला आणि काठी टेकत दाराबाहेर पाण्याच्या माठापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यातही तसंच. त्याच्या पुढच्या महिन्यात तर त्या उठल्याच नाहीत, जागेवर मान खाली घालून बसल्या.

आता, आमच्या मंडळीत माणूस प्रभुभोजन घेत नाही याचा अर्थ सगळ्यांना पाठ आहे. एकतर त्याच्या मनात काही पाप आहे, नाहीतर त्याचं कुणाशी तरी भांडण आहे आणि समेट झालेला नाही. जन्मभर भाकर करणाऱ्या म्हाताऱ्या बाईने पाप कुठे करायचं? मग राहिलं भांडण. घरात भांडायला आहे कोण? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! एका बाईने तर मला बाजूला घेऊन समजावलं, की बाई गं, म्हातारं माणूस आहे, चार दिवसांची सोबती, जरा सांभाळून घे. मी त्या दिवशी घरी येऊन भांडी अशी घासली की हेमराज स्वयंपाकघरात आलाच नाही.

मग पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. सासूबाईंच्या समोर बसून, फार गंभीर चेहरा करून म्हणाले, "आजी, मनात काही असेल तर मोकळं करा. कुणाशी बेबनाव असेल तर..." आणि इथे त्यांचे डोळे माझ्याकडे आले. बिचाऱ्यांनी पटकन चहाच्या कपात बघितलं, पण व्हायचं ते झालं होतं.

"कोनाशी भांडन नही," सासूबाई म्हणाल्या. "मी लायक नही. बस."

"लायक कुणीच नसतं, आजी."

"तुम्हले काय ठावं," त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन उठल्या. ठक, ठक, ठक, दारापर्यंत. पाळकसाहेब गेले. मी तिथेच बसून राहिले. 'लायक नही' हे शब्द सासूबाईंच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. दुसऱ्यांबद्दल ऐकले होते, पुष्कळदा.

कोडं सोडवलं उषाबाईंनी. उषाबाई शेजारच्या, त्याही खान्देशच्याच, हिंदू, गळ्यात काळी पोत आणि तोंडात अखंड बोलणं. सणाचा दिवस होता. त्या ताटलीत पुरणपोळी घेऊन आल्या आणि पोळीचा तुकडा मोडून सासूबाईंच्या पुढे धरला. सासूबाईंचा डावा हात मांडीवर चुळबुळत होता, तो एकदम पदराखाली गेला. "ठेई दे तठे," त्या म्हणाल्या. उषाबाईंनी तुकडा ताटलीत ठेवला, दोन गोष्टी बोलल्या, निघाल्या. मी दारापर्यंत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"तुम्हले समजनं नही का, मास्तरीन बाई? ती कोनाच्याच हातनं काही लेस नही. तिले डावा हात पुढे कराले लाज वाटस."

मी उभीच राहिले. खरंच की! चहाचा कप, गोळी, पाण्याचा पेला, वाण्याकडची चिल्लर. प्रत्येक वेळी ठेई दे तठे. स्टुलावर ठेवायचं, आपण वळायचं, मग त्या एकट्याने डाव्या हाताने उचलायच्या. कुणी देत असताना डावा हात पुढे करायचा नाही, ही आपल्याकडे लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेली गोष्ट. मंदिरात जा की चर्चमध्ये, आईची चापट तीच. आणि आम्ही सगळे शास्त्र जाणणारे पाप आणि भांडण शोधत बसलो होतो. एवढ्याशा गोष्टीपायी माझी मंडळीत अब्रू गेली होती, या विचाराने मला आधी हसूच आलं. मग मी आत गेले.

"आई," मी म्हटलं, "डाव्या हातात घेतलं प्रभुभोजन तर काही होत नाही. देवानेच दिलाय ना तो पण हात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यावर होतो तसा चेहरा झाला, आणि मग भडका उडाला.

"डावा हातवर प्रभुनं शरीर लेऊ? या हातवर? या हातनी काय कमाडं आजलोंग? काय करं?" त्या डावा हात माझ्या तोंडासमोर हलवत होत्या. "उजवा हातनी मी भाकर करी, तवय लिधी. राबनू, तवय लिधी. मी कोनं फुकटनं खाधं नही, पोरी. देवनं बी नही."

"मग पाळकसाहेब तोंडात घालतील."

"मी काय झोळीमधलं पोर शे?"

मला वाटलं होतं उषाबाईंनी कुलूप उघडलं. त्यांनी उघडलं होतं ते बाहेरचं. आतलं कुलूप वेगळंच होतं, आणि ते डाव्या हाताचं नव्हतं. जिने देवाला आयुष्यभर पै न पै चुकती केली, ती आता देण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्याच्या दारातून परत फिरत होती. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदमच.

पुढच्या शनिवारी नवंच काहीतरी. दुपारपासून काठी दार ते ओटा, ओटा ते दार. शेवटी म्हणाल्या, "उद्या पहिला रविवार शे. तो पाव माले देखवत नही. तू भाकर कर."

मी! माझ्या पोळ्यांना हेमराज नकाशे म्हणतो. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्या ओट्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि सूचना सुरू झाल्या. पीठ घट्ट. पाणी कमी. मीठ चिमूटभर. तेल बोटाला लागेल एवढंच. अशी नको थापू, कडेनं थाप, कडेनं. त्यांचा डावा हात हवेतच थापत होता, पण पिठाला लागत नव्हता. पहिली भाकर तव्यावर टाकली.

"जाड व्हयनी."

दुसरी केली.

"काठ फाटना. परत कर."

तिसरी तव्यावरून उतरवली, तर ती एका बाजूने गुजरात आणि दुसऱ्या बाजूने महाराष्ट्र. माझी बोटं भाजलेली, घामाने केस चिकटलेले, आणि पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी. सासूबाई म्हणाल्या, "आखो कर." आणखी एक!

मी उलथनं आपटलं. "देवाला गोलच भाकर लागते, असं कुठे लिहिलंय आई? एवढी गोल हवी असेल तर त्याने तुमचा हात कशाला नेला?"

बोलून गेले. हेमराज आतल्या खोलीतून दारात आला. लूमची खटखट मागे चालूच होती. सासूबाई तव्याकडे बघत होत्या, आणि आजारानंतर पहिल्यांदा त्यांचा डावा हात अगदी स्थिर होता. मला स्वतःचीच भीती वाटली.

मग हेमराज हळूच म्हणाला, "बाबांना तू भरवायचीस त्या भाकरी पण अशाच असायच्या. घाईत केलेल्या. आठवतंय?"

"काम पडेल राहे," त्या पुटपुटल्या. "साड्या पडेल राहेत."

सासरे मी पाहिलेले नाहीत. ते गेले तेव्हा हेमराज शाळेत होता. पण ते शेवटची वर्षं अंथरुणावर होते, स्वतःच्या हाताने घाससुद्धा उचलता येत नसे, आणि सासूबाई साडी बाजूला ठेवून, हात धुऊन, त्यांना मांडीशी घेऊन एकेक घास भरवायच्या, हे हेमराजने मला सांगितलं होतं. मला ते आठवलं आणि मी विचारलं. मुद्दाम काही सुचलं म्हणून नव्हे, राग अजून उतरला नव्हता म्हणून.

"मग त्यांना का भरवलंत? त्यांनी त्या वर्षांत काय कमावलं होतं? फुकटच खात होते की ते."

सासूबाईंनी मान वर केली. असा संताप मी त्यांच्या डोळ्यांत पाहिला नव्हता.

"फुकट?" त्या म्हणाल्या. "तो मन्हा व्हता!"

तव्यातून धूर निघत होता. मी गॅस बंद केला. मी ती वेडीवाकडी भाकर पांढऱ्या फडक्यात बांधली, कारण चौथी करायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि सासूबाईंनीही 'आखो कर' म्हटलं नाही. त्या उठल्या, भिंतीपाशी जाऊन बसल्या, आणि दिवेलागणीपासून जेवणापर्यंत तिथेच बसून राहिल्या. डावा हात मात्र पुन्हा सुरू झाला होता. पदराचं टोक गुंडाळायचा, सोडायचा, गुंडाळायचा. जेवताना त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी घेऊन पळाले आहे.

रविवारी आम्ही रिक्षाने निघालो. फडक्यातली भाकर माझ्या मांडीवर होती आणि मला तिची लाज वाटत होती. वेदीपाशी ठेवताना पाळकसाहेबांनी फडकं उघडलं, भाकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पण हसले नाहीत. पुण्याचे संस्कार.

भजन झालं, वचन झालं, रांग लागली. मी सासूबाईंकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मी उठले आणि रांगेत उभी राहिले. मागे काठी वाजली. ठक. ठक. आमच्या मंडळीत इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. सगळ्यांना कळत होतं कोण उठलं आहे. मी बाजूला झाले, त्या माझ्या पुढे झाल्या. रांग पुढे सरकत होती. एकदा त्या मागे वळल्या, मला वाटलं आता परत फिरतात. त्या फक्त दाराकडे बघून पुन्हा पुढे बघू लागल्या.

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. सासूबाईंचा डावा हात काठीवर होता. काठी सोडली तर पडायची भीती, आणि उजवा तर लोंबतच होता. तुकडा हवेत. मी मागून बघत होते. त्यांच्या बोटांनी काठीची मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. पाळकसाहेब काहीतरी म्हणणार होते.

सुभद्राबाईंनी चेहरा वर केला आणि तोंड उघडलं.

आमच्या मंडळीत असं कुणी घेत नाही. पाळकसाहेबांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी तो तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला, फार जपून, आणि प्यालाही स्वतःच्या हाताने त्यांच्या ओठांना लावला. थोडा द्राक्षरस हनुवटीवर ओघळला. मी पदराने पुसला. त्यांनी पुसू दिला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते मात्र मी पुसलं नाही, कारण माझेही डोळे तसेच होते. त्या सावकाश चावत होत्या. चावता चावता मान माझ्याकडे वळली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"काठ कच्चा ऱ्हायना."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मी लाल झाले. पण इतके महिने माझ्याकडे वळणाऱ्या माना आता त्यांच्याकडे वळल्या होत्या, आणि त्या मानेतला तो जुना ताठा आज नव्हता. एक म्हातारी बाई होती, काठी टेकत परत येणारी.

घरी आलो. मला वाटलं होतं आता सगळं शांत होईल. कसलं काय! त्या आल्या आल्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, कडी उघडली, लावली. किसनभाईंची मोपेड नेहमीसारखी उषाबाईंकडे थांबली तेव्हा डावा हात नेहमीसारखाच थबकला. जन्मभराची सवय अशी एका घासाने जात नाही.

जेवायला बसलो. मी वरणभात कालवून त्यांची ताटली घेऊन आले आणि सवयीने स्टूल पुढे ओढलं. हेमराजने विचारलं, "आई, प्रार्थना कोण करणार?"

"मी," त्या म्हणाल्या.

आम्ही डोळे मिटले. मी अहवालाची वाट बघत होते. मी एक डोळा उघडून पाहिलं. त्या भिंतीकडे नव्हे, समोर बघत होत्या, आणि डावा हात ताटलीजवळ उघडा, पालथा नव्हे, उताणा पडला होता.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "आज काहीच करं नही. मी तुन्ही शे. आमेन."

मी ताटली स्टुलावर ठेवायला वाकले.

"ठेवू नको तठे," सासूबाई म्हणाल्या. "घास दे."

मी खाली बसून त्यांना घास भरवला. दुसऱ्या घासाला म्हणाल्या, मीठ कमी आहे.